पुढच्या दोन खोल्यांतले धर्मशिक्षक

परदेशातून एक म्हातारं जोडपं आम्हाला धर्म शिकवायला आलं आणि माझ्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत राहिलं, ही हकिकत मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे. ऐकणारे बहुतेक हसतात. मला तेव्हा हसू आलं नव्हतं आणि आजही फारसं येत नाही.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. कुलाबा जिल्ह्यात आम्हाला शनवार तेली म्हणायचे. तेलाचा घाणा चालवणं हा वाडवडिलांचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणं हा नेम, म्हणून ते नाव. आमचं गाव चौलच्या बाजूचं. घराभोवती नारळी-पोफळीची लहानशी वाडी, मागे विहीर आणि परसात सासऱ्यांचा घाणा. गिरणीचं तेल आलं तसा तो बंद पडला होता. मी मुंबईला एका इस्पितळात नर्स होते. नवरा वारला, मूलबाळ नव्हतं आणि सासूबाई गावी एकट्या, म्हणून नोकरी सोडून आले. स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली होती. इस्राएलला जायचं वारं आमच्या लोकांत शिरलं होतं. मुंबईची काही कुटुंबं गेलीही होती. गावातली तरुण पोरं जाण्याच्या गोष्टी करत आणि म्हातारी माणसं गप्प बसून ऐकत.

अशात एक दिवस मुकादम आमच्या ओटीवर येऊन बसले. मुकादम म्हणजे गावातल्या आमच्या समाजाचे प्रमुख. त्यांचे दोन मुलगे जाण्याच्या तयारीत होते.

"सिस्टर, तुमच्या पुढच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत ना?" ते म्हणाले. मी नर्स म्हणून सगळा गाव मला सिस्टरच म्हणायचा. "एक साहेब आणि मॅडम येतायत. परदेशातले आपले ज्यू लोक. तिकडच्या मोठ्या धर्मसंस्थेनं पाठवलंय, दोन वर्षांसाठी. आपल्याला शिकवायला."

"काय शिकवायला?"

"धर्म."

"आपल्याला येत नाही वाटतं?"

मुकादमांनी इकडे-तिकडे बघितलं. "येतो हो. पण त्यांच्या रीतीनं येत नाही. उद्या पोरं तिकडे गेली आणि कोणी विचारलं, तुम्ही खरे ज्यू कशावरून, तर साहेबांचा शब्द कामाला येईल."

खरं कारण हे होतं, आणि निदान ते त्यांनी लपवलं नाही. इंग्रजी बोलणारी बाई गावात मी एकटीच, तेव्हा ते जोडपं माझ्याच गळ्यात पडणार हे उघड होतं. सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "येऊ दे की. खोल्यांत नुसते उंदीर हायत."

ती दोघं रेवसच्या धक्क्यावर लाँचमधून उतरली, तिथून एसटीनं अलिबाग आणि पुढे बैलगाडीनं आमच्या दारात. साहेब उंच, वाकलेले, पांढरी दाढी, अंगात काळा कोट. मॅडम बुटक्या, गुबगुबीत, डोक्याला रुमाल बांधलेला, उन्हानं चेहरा शिजल्यासारखा झालेला. दोघांची साठी कधीच उलटलेली. सामानात निम्म्याहून जास्त पत्र्याचे डबे होते. डब्यांत मासे होते. जिथे रोज सकाळी ताजी मासळी दारावर येते तिथे ही दोघं सातासमुद्रापलीकडून डब्यातले मासे घेऊन आली होती.

मला वाटलं होतं, साहेब मोठे धर्मपंडित असतील. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी सांगितलं, की त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी चष्मे विकले, मग दुकान पुतण्याला दिलं, आणि घरी बसून करमेना म्हणून संस्थेकडे नाव नोंदवलं. तिकडे अशी म्हातारी जोडपी पाठवायची पद्धत होती म्हणे. चष्मे विकणं वाईट नाही. पण आयुष्यभर गिऱ्हाइकाला अक्षरांचा तक्ता दाखवलेला माणूस आता आमच्या आजेसासऱ्यांच्या वयाच्या प्रार्थनांमध्ये चुका काढणार, हे मला पहिल्या दिवसापासून खुपलं.

त्यांचा दिवस असा जायचा. सकाळी साहेब खिडकीशी उभं राहून प्रार्थना करायचे, बराच वेळ. तोवर मॅडम स्टोव्हवर पाणी उकळायच्या. विहिरीचं पाणी आधी फडक्यातून गाळायच्या, मग उकळायच्या, मग थंड झालं की पुन्हा गाळायच्या. त्यांची भांडी वेगळी, आणि त्यांतही दोन जाती, एक मांसाची आणि एक दुधाची. आमच्यातही मांस आणि दूध एकत्र होत नाही. पण सासूबाईंनी चुकून त्यांचा एक चमचा उचलून बाजूला ठेवला, तर मॅडमनी तो मातीत पुरला. का पुरला ते मला समजावून सांगितलं. मी ते सासूबाईंना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी झाडताना त्यांनाच तो सापडला, आणि त्यांनी घासून पुसून परत नेऊन ठेवला. मॅडम तो चमचा पुढे दोन वर्षं वापरत होत्या.

दुपारी पोरांचा वर्ग, संध्याकाळी पुरुषांचा. मॅडम बायकांना विणकाम शिकवायच्या. लोकरीच्या टोप्या. कोकणात, वैशाखात, लोकरीच्या टोप्या. बायका घामानं निथळत टाके घालायच्या आणि मॅडम प्रत्येकीच्या पाठीवर थोपटून "छान, छान" म्हणायच्या. एवढा एक मराठी शब्द त्यांना लवकर आला. त्या टोप्या कोणी घातल्या नाहीत. आमच्या शेजारणीनं एक शेळीच्या करडाला घातली, आणि ते करडू ती घालून मॅडमच्या खिडकीखाली चरत होतं. मॅडमना ते फार आवडलं. त्यांनी फोटो काढला.

पहिल्या शुक्रवारी रात्री आम्ही त्यांना जेवायला बोलावलं. शनिवार आमच्यात शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो, दिवा लावून आणि प्रार्थना करून घरातली सगळी एकत्र जेवतात. सासूबाईंनी दुपारपासून खपून मटण केलं होतं, नारळाच्या दुधातलं. मी वाढलं. मॅडमनी ताटात बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"दूध," त्या म्हणाल्या. "मांसात दूध घातलंय."

साहेब उभेच राहिले. त्यांचा चेहरा असा झाला, जणू आम्ही त्यांच्यापुढे डुक्कर वाढलंय. सासूबाईंनी मला विचारलं, "काय झालं? तिखट लागलं?"

मी मॅडमचा हात धरून त्यांना मागच्या पडवीत नेलं. खवणीवर नारळ खवला, पाणी घालून पिळला आणि वाटीतलं पांढरं दूध त्यांच्या पुढे धरलं. त्यांनी बोट बुडवून चाखलं आणि त्या हसल्या. खळखळून, लहान पोरीसारख्या. मला वाटलं, संपलं. पण साहेबांनी आत आल्यावर विचार करून निकाल दिला, की नारळाचं का असेना, बघणाऱ्याला ते दूधच वाटतं, आणि पापासारखं दिसणारंही टाळलं पाहिजे. तेव्हा इथून पुढे ताटाजवळ नारळाची करवंटी ठेवायची, म्हणजे बघणाऱ्याचा गैरसमज होणार नाही.

"बघणारा कोण?" मी विचारलं. "या किनाऱ्यावर नारळाचं दूध न ओळखणारी माणसं तुम्ही दोघंच आहात."

साहेब म्हणाले, "नियम माणसं बघून होत नसतात." आणि एवढं करूनही ती दोघं जेवली नाहीतच, कारण पातेल्याची खात्री नव्हती. खोलीत जाऊन त्यांनी डबा फोडला.

मुकादमांनी मात्र दुसऱ्याच आठवड्यात आपल्या घरी ताटाजवळ करवंटी ठेवायला सुरुवात केली. सगळ्या गावानं ठेवली. मी ठेवली नाही.

त्यानंतर हजानांच्या सुरीची पाळी आली. हजान म्हणजे प्रार्थना चालवणारे, आणि कोंबडी-बकरी धर्माप्रमाणे कापायचं कामही त्यांचंच. साहेबांनी त्यांची सुरी मागवून घेतली, नखावरून फिरवली, उजेडात धरली आणि म्हणाले, धारेत बारीक खाच आहे, ही चालणार नाही. हजानांच्या वडिलांनी आणि आजोबांनी त्याच सुरीनं गावाला मांस खाऊ घातलं होतं. आता नवी सुरी परदेशाहून संस्था पाठवणार. ती कधी येईल ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तोवर कोंबडी नाही, मटण नाही. एक बाळंतीण होती, तिलाही नाही. हजान बिचारे सज्जन गृहस्थ, रोज मुकादमांकडे जाऊन विचारायचे, "सुरी आली का?" जणू त्यांच्याच हातून काही गुन्हा घडला होता. सगळा पावसाळा गेला, मग सुरी आली. ती मला आधीच्या सुरीसारखीच दिसली.

मासळीचंही तेच. आमच्यात खवले आणि पर असलेलाच मासा खातात. पापलेटचे खवले बारीक असतात, आणि जाळ्यात निम्मे गळून जातात. साहेबांना ते दिसेनात. चाळीस वर्षं लोकांना चष्मे लावणाऱ्या माणसाला पापलेटचे खवले दिसेनात. कोळीण दारात टोपली घेऊन उभी, साहेब मासा हातात धरून उलटापालटा करतायत, आणि ती मला विचारतेय, "सिस्टर, यो कवा घेनार हाय का नुसता बगनार हाय?"

हे सगळं मी सोसलं असतं. खाण्यापिण्याचं सोवळं मी आमच्या गावातही पुष्कळ बघितलं होतं. पण आमच्या मशिदीत, म्हणजे प्रार्थनाघरात (आम्ही पूर्वीपासून मशीदच म्हणतो), साहेब पुरुषांमध्ये बसायचे नाहीत. मागच्या कोपऱ्यात वेगळे उभे राहून एकटेच पुटपुटायचे. आमच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. साहेब त्या दहांत स्वतःला धरत नव्हते, आणि आमच्या दहांना दहा मानत नव्हते. मी मॅडमना विचारलं. त्यांनी खाली मान घातली. मग साहेबांनाच विचारलं.

"तुमच्या लोकांच्या वंशाचा प्रश्न अजून निकाली निघालेला नाही," ते शांतपणे म्हणाले. "म्हणजे मी तुम्हाला नाही म्हणत नाही. फक्त अजून हो म्हणत नाही."

"हो कोण म्हणणार?"

"तिकडचे मोठे धर्मगुरू."

"आणि ते म्हणेपर्यंत आम्ही कोण?"

मुकादमांनी गावाला सांगितलं, की साहेबांचा आवाज नाजूक आहे, गर्दीत त्यांना प्रार्थना म्हणता येत नाही. गावानं ते मानलं. कितीजणांनी खरंच मानलं आणि कितीजणांनी सोयीसाठी मानलं, हे मी विचारायला गेले नाही. ज्यांचे मुलगे जाणार होते, ते साहेबांच्या पुढे चपला काढून उभे राहायचे. चपला काढायची गरज नव्हती. साहेब स्वतः घरात बूट घालून फिरायचे.

सासूबाईंनी त्या वर्षी मलिदा केला. एलियाहू नबीच्या नावानं आमच्यात मलिदा करतात. गोड पोह्यांत ओलं खोबरं, सुका मेवा, वर फळं. प्रार्थना होते आणि मग सगळ्यांना वाटतात. कोणी आजारातून उठलं, कोणाचं लग्न ठरलं, नवस फेडायचा असला की मलिदा. साहेबांनी वर्गात सांगितलं होतं, की हे शेजाऱ्यांच्या पूजेवरून उचललेलं आहे, बंद करा. सासूबाईंच्या पायाचं दुखणं बरं झालं होतं, आणि त्यांनी नबीला शब्द दिला होता. त्यांनी तबक भरलं, हजानांना निरोप पाठवला. हजान आले. चार म्हाताऱ्या आल्या. मुकादमांनी कळवलं, कंबर धरलीय. पुढच्या खोलीचं दार बंद होतं, पण वास बंद दारालाही थोपवता येत नाही. वेलची, खोबरं, केळी. मॅडम दाराची फट करून बघत होत्या. सासूबाईंनी त्यांना बघितलं आणि हातानं बोलावलं. मॅडमनी मान हलवली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या वर्षी पाऊस संपता संपता साहेबांना ताप आला. उकळून गाळलेलं पाणी पिणाऱ्या माणसाला विषमज्वर कसा झाला ते कळलं नाही. अलिबागहून डॉक्टर आले आणि म्हणाले, मुंबईला हलवण्यासारखी अवस्था नाही, आणि सिस्टर घरात असताना हलवायची गरजही नाही. झालं. मी परत नर्स झाले. अंग पुसायचं, चादरी बदलायच्या, ताप बघायचा, औषध घशाखाली घालायचं. मॅडमच्या हातून काही होईना. त्या नवऱ्याचे पाय धरून बसायच्या आणि बसल्या बसल्या झोपायच्या. साहेब तापात दुकानात असायचे. मला गिऱ्हाईक समजून विचारायचे, "आता स्पष्ट दिसतं का? आणि आता?" मी म्हणायचे, दिसतं.

त्यांचे डबे त्या आजारात चालणार नव्हते. मी माझ्या पातेल्यात पेज केली. तांदूळ, मीठ, पाणी. त्यांच्या भांड्यांत करायची की नाही, हे विचारायला कोणी शुद्धीवर नव्हतं. ती पेज मी त्यांना चमच्यानं पाजली, दिवसातून कितीदा तरी, आणि त्या पेजेवर तो माणूस उठला. पहिल्यांदा भिंतीला धरून ओटीपर्यंत आले, तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या पाठीला तक्क्या दिला.

मग दारफळणीचा सण आला. वर्षभराच्या पापांची क्षमा मागायचा, कडक उपासाचा दिवस. आदल्या संध्याकाळी आमच्यात एकमेकांचीही माफी मागतात. साहेब काळा कोट घालून, काठी टेकत माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, आभार मानायला आलेत. खरं सांगायचं तर मी मनात उत्तरही तयार केलं, की यात काय विशेष, माझं कामच ते.

"तुम्हाला सांगितलं पाहिजे असं वाटलं," ते म्हणाले. "आजारपणात मी तुमच्या भांड्यातलं खाल्लं. त्याबद्दल मी उद्या देवाची क्षमा मागणार आहे. तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही चांगल्या हेतूनं केलंत."

आजारी माणसाला सगळं माफ असतं, हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. त्यांना ते ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही. त्यांना ठाऊक होतं आणि तरीही ते आले. मी हातातलं काम चालू ठेवलं. ते काठी टेकत परत गेले.

सासूबाईंनी विचारलं, "काय म्हनत व्हता?"

मी सांगितलं.

त्यांनी सावकाश ऐकून घेतलं. "पेजंची माफी?" त्या म्हणाल्या. "मंग त्याला म्हनावं, ताप परत घे."

हे बोलणं झालं तेव्हा मॅडम विहिरीवरून पाणी घेऊन मागच्या दारात आल्या होत्या. मराठी त्यांना फारसं कळत नव्हतं, पण नवऱ्याचं आधीचं बोलणं त्यांनी विहिरीवरून ऐकलं असावं. उपासाचा दिवस गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या स्वयंपाकघरात आल्या, चुलीजवळचा पाट ओढून त्यावर कशाबशा बसल्या आणि मला म्हणाल्या, "चहा दे."

मी आमच्या कपात चहा दिला. त्यांनी तो बशीत ओतून सासूबाईंसारखा प्यायला. त्यांना येऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. आमच्या चुलीवरचं काही त्यांच्या पोटात गेलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मग रोज दुपारी येऊ लागल्या. वालाचं बिरडं, भात, तळलेलं पापलेट. काटे काढायला सासूबाई शिकवायच्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दोघी एकसारख्या बोलत असायच्या. पुढच्या खोलीत साहेब एकटे बसून डबा खायचे. त्यांनी बायकोला काही विचारल्याचं मी ऐकलं नाही, आणि बायकोनं काही सांगितल्याचंही नाही. मला साहेबांची दया आली का? नाही आली.

हिवाळ्यात संस्थेचा एक अधिकारी काम बघायला आला. तरुण, गोरा, पांढरे कपडे, मुंबईहून मोटार घेऊन. ओटीवर खुर्च्या मांडल्या. मुकादम नवा सदरा घालून कोपऱ्यात उभे. मी शहाळी दिली. शहाळं त्यांना चालायचं. त्याला देवानंच भांडं दिलेलं.

साहेबांनी आपल्या कामाचा हिशेब सांगितला. किती मुलं वाचायला शिकली, किती घरांत ताटाजवळ करवंटी आली, कुठल्या वाईट चाली बंद झाल्या. माझ्याकडे हात करून म्हणाले, "ही आमचं घर सांभाळते. प्रामाणिक बाई आहे."

मॅडम म्हणाल्या, "हे घर तिचं आहे. आपण भाडेकरू आहोत. आणि तुमचा जीव तिनं वाचवला."

अधिकाऱ्यानं शहाळ्यातून मान वर केली आणि परत खाली घातली. साहेब जणू काही ऐकलंच नाही असे पुढे बोलत राहिले. "आम्ही आलो तेव्हा या लोकांना शनिवार पाळणं म्हणजे काय, याची नीट कल्पना नव्हती."

सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. "काय म्हनतो?" त्यांनी मला विचारलं. मी शब्दाला शब्द सांगितलं. त्यांनी मागे वळून परसातल्या घाण्याकडे बघितलं, मग साहेबांकडे, मग सुपारी कातरायला घेतली.

मी मात्र गप्प बसले नाही. अधिकाऱ्याला म्हणाले, "परत जाताना रस्त्यात कोणालाही विचारा, या घराला काय म्हणतात. शनवार तेल्याचं घर म्हणतील. शनवार म्हणजे शनिवार. हे नाव आम्हाला तुमच्या माणसानं दिलेलं नाही. कोळ्या-आगऱ्यांनी दिलंय, आणि कधी दिलं ते कोणाला आठवतही नाही."

"फारच मनोरंजक," तो म्हणाला. खिशातून पेन काढून त्यानं काहीतरी टिपलं, पेन परत खिशात ठेवलं आणि साहेबांना सांगितलं, की संस्था त्यांच्या कामावर खूश आहे, आणि प्रकृती साथ देत असेल तर मुदत आणखी एक वर्ष वाढवता येईल. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुकादमांनी टाळ्या वाजवल्या. मोटार गेली.

त्याच संध्याकाळी मी साहेबांना खोल्या सोडायला सांगितल्या. कारण विचारलं नाही त्यांनी, मीही सांगितलं नाही. मुकादम धावत आले.

"सिस्टर, असं करू नका. पोरांच्या जाण्याचं काम अगदी शेवटाला आलंय."

"मग तुमच्या घरी ठेवा त्यांना. तुमचं घर माझ्यापेक्षा मोठं आहे."

"आमच्याकडे कसं जमणार? बायको नाही म्हणेल."

"का? धर्म शिकायचा आहे ना?"

त्यांच्याकडे इलाज नव्हता. जोडपं मुकादमांकडे राहायला गेलं आणि चार महिन्यांत मुकादम निम्मे झाले. त्यांच्या बायकोचं लोणचं बाहेर काढलं गेलं, त्यांच्या विहिरीवर वेगळा दोर आला. त्या काळात मुकादम रस्त्यात भेटले की मी मुद्दाम विचारायचे, साहेब बरे आहेत ना? ते म्हणायचे, फार बरे आहेत, आणि वाट बदलायचे.

वाढीव वर्ष पुरं झालं नाही. साहेबांची तब्येत पुन्हा ढासळली आणि संस्थेनं परत बोलावलं. निघायच्या आदल्या दिवशी मॅडम एकट्याच आमच्याकडे आल्या. सासूबाई वाडीत होत्या.

"तू माझ्या नवऱ्यावर रागावली आहेस," त्या म्हणाल्या.

"हो."

"माझ्यावर?"

"तुमच्यावर कमी. पण आहे."

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "आमच्या गावात त्याचं कोणी ऐकत नाही. तिथे त्याच्यापेक्षा शिकलेले पुष्कळ. प्रार्थनाघरात त्याला दाराजवळची जागा होती. इथे सगळे ऐकायचे. मी त्याला इतका आनंदात लग्नाच्या दिवशीही बघितला नव्हता."

"त्याच्या आनंदाकरता आम्हाला अडाणी व्हावं लागलं, मॅडम."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मला पहिल्या नारळापासून माहीत होतं."

मग त्या वेळी का बोलला नाहीत, असं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. चाळीस वर्षं ज्या बाईनं काउंटरमागे उभं राहून नवऱ्याची गिऱ्हाइकं सांभाळली, तिला काय विचारायचं. त्यांनी सासूबाईंकरता एक लोकरीची शाल ठेवली, माझ्या गालाला गाल लावला आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी बैलगाडी आमच्या दारावरून गेली तेव्हा साहेब पुढे सरळ बघत होते.

मुकादमांचे मुलगे पुढे इस्राएलला गेले. साहेबांचा शब्द तिथे कोणी विचारला नाही. उलट साठ साल उलटल्यावर तिथल्या काही धर्मगुरूंनी आमच्या पोरांच्या लग्नाच्या वेळी आई कोण, आजी कोण, पणजी कोण, असं खोदून विचारायला सुरुवात केली. आमच्या लोकांनी तिथे रस्त्यावर बसून भांडण केलं आणि हक्क मिळवला. थोरल्या मुलानं तसं कळवलं तेव्हा मुकादमांनी मशिदीबाहेर सगळ्यांना अभिमानानं ऐकवलं. मी तिथेच होते. साहेबांचं नाव त्यांनी काढलं नाही.

साहेब परत गेल्यावर वर्षभरात वारले. मॅडमनी कळवलं होतं. मी दोन ओळी उत्तर पाठवलं, शिष्टाचाराचं. त्यापुढे लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

पुढच्या दोन खोल्या मी मग शाळेच्या ड्रॉइंग मास्तरांना दिल्या. गरीब स्वभावाचे, एकटे. जे वाढावं ते खायचे, विहिरीचं पाणी तसंच प्यायचे, कशाला नाव ठेवायचे नाहीत, आणि देवाधर्माचा विषय कधी काढायचे नाहीत. मला हायसं वाटलं. सासूबाई मात्र महिन्याभरात कंटाळल्या.

"यो मास्तर चांगला हाय," एकदा दुपारी तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, "पन याच्याशी मानसानं भांडायचं कशावरनं?"